आंबट नको, चहा घे

जानेवारीतल्या एका रविवारी नागपुरातच मानेवाड्याला दादाकडे गेले होते. काटोलकडच्या कुणाच्या तरी मळ्यातून संत्र्यांचं पोतं आलं होतं आणि गच्चीवर उन्हात सतरंजी टाकून सगळं घर बसलं होतं. थंडीतल्या दुपारचं हे बसणं नागपूरकरांना सांगायला नको. सालांचा वाढत जाणारा ढीग, बोटांना लागलेला तेलकट वास, मनगटापर्यंत ओघळलेला रस, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर साल दाबून पळणारी पोट्टी. दादाची मुलगी तेरा वर्षांची आहे. तिची पाळी चालू होती; ती भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिनं संत्र्यासाठी हात पुढे केला तशी मोठी आई, म्हणजे आमची मोठी काकू, म्हणाली, "तुले नको वं बाई आज. आंबट आहे. कळा येतीन पोटात. गरम चहा घे." वहिनी लगेच उठली, जिना उतरून खाली गेली आणि चहा-टोस्ट घेऊन वर आली. मुलीनं हात मागे घेतला. वाद नाही, रुसवा नाही. कपाला दोन्ही हात लावून ती चहा पीत राहिली आणि संत्री सोलणं पुन्हा सुरू झालं.

एवढंच झालं. पण तो मागे घेतलेला हात माझ्या डोक्यातून जाईना. गोष्ट नवीन नव्हती. मी त्याच घरातली, त्याच मोठ्या आईच्या हाताखाली वाढलेली. हे वाक्य मी ऐकलंय, माझ्या आईनं ऐकलंय. टोचलं ते वेगळंच. त्या चार दिवसांत मुलीच्या अंगातून जे लोह जातं ते भरून यायला जे मदत करतं, तेच आपण तिच्यापासून दूर ठेवलं, आणि जे आड येतं ते प्रेमानं तिच्या हातात दिलं. तिथे बसलेल्या एकाही माणसाला तिचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. सगळे तिची काळजीच करत होते. म्हणून जास्त टोचलं.

आमचं जुनं घर नागपूरच्या महाल भागात होतं. तिथे बाजूला बसायची जागा म्हणजे मागच्या पडवीत, जिन्याखालचा कोपरा. आई तिथे बसायची, काकू बसायची, पुढे मीही बसले. त्या कोपऱ्याबद्दल मला आजही एकच एक भावना बाळगता येत नाही. तिथे ओल्या गोणपाटाचा वास यायचा, उजेड कमी असायचा, आणि कुणाला शिवायचं नाही ही गोष्ट लहान वयात अंगावर काट्यासारखी उभी राहायची. पण महिन्यातल्या त्याच तीन दिवसांत आई बसून जेवताना दिसायची. एरवी ती ओट्याशी उभी असायची, शेवटची पोळी तव्यावर टाकता टाकता पातेल्यातलं खरवडून खायची. कोपऱ्यात मात्र तिच्यासमोर ताट यायचं. ते वरून वाढलेलं असायचं, बहुतेक वेळा गार झालेलं, आणि तिनं काही मागायचं नसायचं. स्वयंपाकघराला आठवेल तेव्हा आणि आठवेल तेवढं. आणि चहा. मोठी आई तिच्यासाठी वेगळ्या कपात पुन्हा पुन्हा चहा पाठवायची. दोघी जावांमध्ये एरवी फारसं बोलणं नव्हतं. जे होतं ते त्या कपातून जायचं असं मला आता वाटतं. त्यामुळे त्या चहाला नावं ठेवणं मला जड जातं.

आंबटाची यादी मात्र मोठी होती. लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही हे वेगळं. लोणचं खायचंही नाही. दही, ताक, चिंच, कैरी, कवठ, बोरं, लिंबू, काही नाही. महालक्ष्म्यांच्या सणात अडचण आली तर आंबीलसुद्धा मिळायची नाही. घरभर शिजणाऱ्या आंबिलीचा तो आंबूस वास, ताकात भिजून आंबलेलं ज्वारीचं पीठ, त्यात खोबऱ्याचे काप, आणि आपण जिन्याखाली. मला पुरणपोळी हुकल्याचं एवढं वाटायचं नाही. आंबिलीचं वाटायचं.

का नको, असं विचारलं की वेगवेगळी उत्तरं यायची. मोठी आई म्हणायची, आंबट खाल्लं की जास्त जातं. शेजारच्या घरातली आजी म्हणायची, आंबट खाल्लं की अडकून राहतं. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही हे तेव्हाही कळायचं, पण दोन्ही घरांतल्या पोरींना चिंच मात्र सारखीच मिळायची नाही. खरं तर पोटात कळा येतात त्या गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो, आणि तीच रसायनं आतड्यापर्यंत पोचली की पहिल्या दिवशी पोटही बिघडतं. पाळीच्या दुखण्यावर ज्या गोळ्या डॉक्टर देतात त्या हीच रसायनं तयार होऊ देत नाहीत. पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली की बरं वाटतं, आल्याचाही काहींना उपयोग होतो. संत्र्याचा, ताकाचा, चिंचेचा या सगळ्यात कुठे हात नाही. गिळलेला घास पोटात पोचून पचतो. तो गर्भाशयात जाऊन तिथलं रक्त गोठवत नाही की वाढवत नाही. ज्या बाईला आंबटानं जळजळ होते तिनं ते टाळावं, पण ती जळजळ पाळी नसतानाही होते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या पुस्तकात मासिक चक्राचा आलेख असतो. वर संप्रेरकांच्या रेघा, खाली अस्तराची जाडी, तळाला दिवसांचे आकडे. मुली तो आलेख सुंदर काढतात, नावं बिनचूक घालतात. त्या आलेखात ताट कुठेच नसतं. किती लोह गेलं, ते कुठून यायचं, या दिवसांत भूक का वाढते, त्या दिवसांत का मंदावते, याची एकही रेघ नाही. त्यामुळे आलेख वहीत राहतो आणि घरी गेल्यावर ताटाचे नियम मोठ्या आईचेच चालतात.

म्हणून हिशेब इथे मांडते. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे ४० मिलिलिटरबरोबर २० मिलिग्रॅम लोह अंगाबाहेर गेलं. महिन्यावर पसरवलं तर रोजचं पाऊण मिलिग्रॅमही नाही. ऐकायला थोडं वाटतं. पण आपल्या भाजी-भाकरीतलं, डाळीतलं लोह आतड्यातून आत शिरतं ते शंभरातले आठ-दहा भागच. त्यामुळे ते पाऊण मिलिग्रॅम अंगात पोचवायला ताटात आठ-दहा मिलिग्रॅम जास्त असावं लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या तक्त्यात हे सरळ दिसतं: प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह, बाईला २९. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला ३०, कारण तिची उंचीही वाढत असते. पाळी गेल्यावर बाईची गरज पुन्हा पुरुषाएवढी होते. मधली जी तीस-पस्तीस वर्षं आहेत त्यांत बाईचं ताट पुरुषाच्या ताटापेक्षा दहा मिलिग्रॅमनं भरलेलं हवं. आपल्या घरांत ते नेमकं त्याच वर्षांत रिकामं असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं, आणि १५ ते १९ च्या मुलींमध्ये त्याहून दोन टक्के जास्त. हा आकडा मी दर वर्षी वर्गात सांगते आणि समोरच्या बाकांकडे बघते. साठ मुली बसलेल्या असतात.

आता आंबटाकडे आणि चहाकडे. भाजी-डाळीतलं लोह आत शिरायला क जीवनसत्त्व मदत करतं. त्याच जेवणाबरोबर लिंबू पिळलं, संत्रं खाल्लं, पेरू खाल्ला, आवळा खाल्ला, तर तेच लोह दुपटीनं, कधी त्याहूनही जास्त शोषलं जातं. चहातली टॅनिन उलटं करतात; ती लोहाला धरून ठेवतात आणि जेवणाबरोबर एक कप चहा घेतला तर शोषण निम्म्याहून खाली येतं. जेवणानंतर तासभर थांबून चहा घेतला तर फारसा फरक पडत नाही. चहा सोडायचा नाही, फक्त वेळ हलवायची. पण आमच्याकडे पाळीच्या दिवसांत जेवण नको वाटलं की चहा-टोस्ट, चहा-बिस्कीट, आणि जेवण झालं की लगेच चहा. आंबट काढून घेतलं आणि त्या जागी चहा ठेवला. त्या चार दिवसांत मुलीच्या पोटात जे थोडं लोह जातं त्यातलंही बरंचसं परत बाहेर.

आणि हे नागपुरात.

ज्या गावात थंडीभर हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग लागतात, अंबिया बहार संपतो न संपतो तोच मृग बहाराची फळं येतात, त्या गावातल्या पोरीला ते चार दिवस संत्रं थंड असतं, आंबट असतं, बाधतं. मला याचं फार वाईट वाटतं. कारण आपलं जुनं जेवण तर हे सगळं जाणून केल्यासारखं आहे. डाळभाजीत पालकाबरोबर आंबट चुका पडतो. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्यांसोबत शिजते, वर लसणाची फोडणी. ज्वारी आंबवली की तिच्यातलं फायटेट नावाचं द्रव्य कमी होतं आणि बांधलेलं लोह मोकळं होतं. आंबील म्हणजे दुसरं काय. पाटोडीच्या रश्श्यावर लिंबाची फोड येते, पोह्यांवर येते, वडाभातावर चिंचेचं सार ओततात. लोखंडी कढईत आंबट शिजवलं की पदार्थ काळा पडतो म्हणून आया ओरडायच्या, पण तो काळेपणा म्हणजे कढईतून उतरलेलं लोहच. ज्यांनी हे पदार्थ बसवले त्यांना मिलिग्रॅम माहीत नव्हते. तरी धान्य आणि आंबट यांची जोडी त्यांनी घट्ट बांधून ठेवली. विटाळाच्या नियमानं ती जोडी सोडली, तीही महिन्यातल्या ज्या दिवसांत ती सगळ्यात जास्त हवी होती त्या दिवसांत.

रक्त जाण्याच्या दिवसांबद्दल निदान नियम तरी आहेत. त्याआधीच्या आठवड्याबद्दल आपल्याकडे कुणी काही बोलतच नाही. त्या दिवसांतली भूक ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. जेवण होऊन तासभर होत नाही तोच पुन्हा पोटात काहीतरी ओढतं. डब्यातला चिवडा, फरसाण, गुळाचा खडा, मुलांच्या डब्यातलं उरलेलं, काहीही. मला गोडापेक्षा तिखट-खारट लागायचं; कॉलेजातून येताना बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, उतरून आलुबोंडा खायचाच, आणि घरी येऊन पुन्हा जेवायचं. घरात त्याला म्हणायचे, "खा खा सुटली हिले." हे शब्द मायेनंही म्हटले जायचे, तरी मुलीला त्यातून जे कळायचं ते कळायचं. भूक ही लपवायची गोष्ट झाली. मैत्रिणी स्वयंपाकघरात उभ्या राहून, फळीकडे तोंड करून खायच्या.

ती भूक खोटी नसते. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, अंगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर वर चढतं आणि पाळी येईपर्यंत तिथेच राहतं. शरीर विसाव्यातही थोडं जास्त जाळत असतं. बीज सुटण्याच्या सुमाराला इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक भूक दाबून ठेवतं, नंतर ती मोकळी होते. अभ्यासांत मोजलं तेव्हा या उत्तरार्धात बायकांचं खाणं सरासरीनं दीडशेच्या आसपास कॅलरींनी वाढलेलं दिसलं. कुणाचं जास्त, कुणाचं काहीच नाही. दीडशे कॅलरी म्हणजे एखादी भाकरी. एका भाकरीसाठी एवढी लाज. ती भाकरी सरळ ताटात वाढून घेतली असती तर संध्याकाळी डब्यात हात घालावा लागला नसता, असं मला फार उशिरा, स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहिल्यावर वाटायला लागलं. आता त्या आठवड्यात मी दुपारच्या डब्यात एक भाकरी जास्त नेते, सोबत जवसाची किंवा तिळाची चटणी, भिजवलेले हरभरे. संध्याकाळी हात थरथरत नाहीत, चिडचिड थोडी कमी होते. सगळी जात नाही.

काय हवंसं वाटतं हेही सगळं संप्रेरकंच ठरवत नाहीत. पाळीआधी चॉकलेट हवंच असतं असं माझी भाची ठामपणे सांगते. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात बाहेरच्या देशांत जन्मलेल्या बायकांना हे चॉकलेटचं वेड तिथेच जन्मलेल्या बायकांपेक्षा बरंच कमी आढळलं. म्हणजे भूक शरीराची असते, पण ती कोणत्या खाऊचं नाव घेते हे भोवतालचं जग शिकवतं. आम्हाला चिंच हवी असायची, कारण ती मनाई होती आणि शाळेसमोर मिळायची. भाचीच्या मोबाइलवर आता आणखी एक आहे: पहिले चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, नंतरचे चौदा तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया, म्हणजे म्हणे संप्रेरकं ताळ्यावर येतात. याला म्हणावा असा पुरावा नाही. ते पाकीट तिनं मला दाखवलं तेव्हा मी तिला आमच्या फळीवरचा जवसाच्या चटणीचा डबा दाखवला. जवस चांगले, तीळही चांगले, त्यात लोह आहे, चांगली स्निग्धता आहे. रोज खा, तारीख बघून नको. तिला ते फार रंजक वाटलं नाही हे मला दिसलं. तारखेत एक शिस्त असते, आपल्या शरीरावर आपला ताबा असल्यासारखं वाटतं, आणि तेरा-चौदाव्या वर्षी ते वाटणं किती हवं असतं हे मला कळतं.

शाळेत माझ्या बाकावरची एक मुलगी पाटीची पेन्सिल खायची. खिशात तुकडे ठेवायची, तास चालू असताना कुरतडायची. घरी कच्चे तांदूळ खायची. तिला त्यासाठी मार बसायचा, जंत झाले असतील म्हणून कडू औषधं पाजायचे. तिच्या नखांचा रंग मला अजून आठवतो, कागदासारखा. माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ, खूप बर्फ खावासा वाटणं हे पुष्कळदा लोह कमी पडल्याचं लक्षण असतं हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं, आणि वाचताना तीच डोळ्यांसमोर आली. मार खाणारी ती भूक काहीतरी सांगत होती. वाचणारं कुणी नव्हतं.

रविवारी आमच्याकडे मटण असायचं, सावजी मसाल्याचं, तर्री वर आलेली, नाकातून पाणी काढणारं. मटणातलं लोह, त्यातही कलेजीतलं, भाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज अंगात जातं. कलेजी बाबांच्या आणि दादाच्या ताटात पडायची, एखादा तुकडा मला. आई रस्सा-भाकरी खायची. तिला कुणी नको म्हटलेलं नव्हतं. तीच म्हणायची, मला रस्साच आवडतो. मी ते बरीच वर्षं खरं मानलं. बाबा गेले, दादाचं लग्न झालं, घर मानेवाड्याला गेलं, आणि वहिनीलाही रस्साच आवडायला लागला तेव्हा मला कळलं की ही आवड सासूकडून सुनेकडे येते.

त्या रविवारनंतर दोनेक आठवड्यांनी मी मोठ्या आईशी बोलले. एकट्याच होतो दोघी, ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिला चूक ठरवायला गेले नव्हते. तिनं मला वाढवलंय, तिच्या हातच्या पानग्यांवर मी मोठी झाले. मी फक्त विचारलं की आंबटाचं तिला कुणी सांगितलं. "मायनं," ती म्हणाली. "माही बहीण गेली तवापासून माय लय भेत होती." मला ही बहीण माहीतच नव्हती. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, अंगावरून जायला लागलं ते थांबेना, गावात डॉक्टर नव्हता. त्या आधी तिनं कैऱ्या खाल्ल्या होत्या. घरच्यांना सापडलं ते कारण तेवढंच. मग मायनं उरलेल्या पोरींना त्या दिवसांत आंबटाला हात लावू दिला नाही, आणि त्या पोरींनी आपल्या पोरींना. मोठी आई शेंगा सोलत हे सांगत होती, आवाज न बदलता. मी तिला लोह, क जीवनसत्त्व, चहा, सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचं शिकलेल्यांचं खरं असन. पण मह्या जिवाले धाक आहे नं." या धाकाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बहिणीला तेव्हा रक्त आणि दवाखाना हवा होता, कैरीचा दोष नव्हता, हे मी म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिनं सोललेल्या तुरीच्या दाण्यांची आमटी करून घेऊन जा म्हणून माझ्यापुढे वाटी सरकवली.

मुलीचं रक्त तपासायचं हे मात्र तिनंच दादाला सांगितलं. मी सुचवलं होतं, पण घरात शब्द तिचा चालतो. धंतोलीतल्या डॉक्टरांकडे वहिनी तिला घेऊन गेली, मी सोबत होते. डॉक्टरांनी हिमोग्लोबिनबरोबर सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, सोल्युबिलिटी चाचणीही लिहून दिली. विदर्भात हे करायलाच हवं. इथल्या सिकलसेलबद्दल नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच लिहून ठेवलंय, आणि तरी अजून कितीतरी घरांत रक्त कमी आहे म्हटलं की थेट लोहाची गोळी सुरू होते. ज्याला तो आजार आहे त्याचं रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असतं, आणि वारंवार रक्त भरावं लागलेल्या रुग्णाच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. मुलीची ती चाचणी निगेटिव्ह आली. हिमोग्लोबिन १०.१. बारा हवं. लोहाच्या गोळ्या दिल्या: जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर, पुढे-मागे तासभर चहा नाही, शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही, आणि आकडा बारावर गेला तरी लगेच बंद करायच्या नाहीत, आणखी तीन महिने घ्यायच्या, कारण नुसतं रक्तात येऊन भागत नाही, साठाही भरावा लागतो.

डॉक्टर हे सांगत असताना वहिनी टेबलाचा कोपरा धरून उभी होती. खुर्ची रिकामी होती तरी. दुसऱ्या मजल्यावर जिन्यानं आलो होतो आणि तिचा श्वास अजून बसला नव्हता. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, तुमची पाळी कशी असते. "नेहमीसारखीच," ती म्हणाली. नेहमीसारखी म्हणजे कशी, असं त्यांनी धरून विचारलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं: आठ-आठ दिवस, रात्री दोनदा उठून बदलावं लागतं, गाठी पडतात, दोन-तीन वर्षं झाली. वयाच्या मानानं असंच असतं असं तिला वाटत होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला तिला कुणी विचारलंही नव्हतं. आम्ही सगळे त्या दिवशी मुलीसाठी आलो होतो. तिचंही रक्त घेतलं. संध्याकाळी अहवाल मोबाइलवर आला. ८.४.

गच्चीवरून जिना उतरून, चहा करून पुन्हा वर येणारी ती हीच. घरातल्या प्रत्येकाला काय आवडतं, कुणाला काय बाधतं, कुणाच्या ताटात काय कमी आहे हे जिला तोंडपाठ, तिच्या ताटाकडे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर हाच धडा शिकवते. दादा अहवाल वाचून गप्प बसला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरायला लागला. मोठ्या आईनं वहिनीला आपल्याजवळ खाटेवर बसवलं, आणि रात्री सगळ्यांच्या आधी तिचं ताट वाढायला सांगितलं. वहिनी संकोचली. दोन घास खाऊन उठायला लागली की मोठी आई म्हणायची, "बस वं." ती बसायची, पण तिचं लक्ष तव्याकडे होतं. तवा भाचीच्या हातात होता आणि पोळ्या वाकड्यातिकड्या होत होत्या.

सोनोग्राफी शुक्रवारी आहे. गर्भाशयात गाठ वगैरे काही आहे का ते कळेल, मग उपचाराचं ठरेल. त्यासाठी पाणी पिऊन, लघवी थांबवून जायचं असतं. उपाशी जायचं नसतं. हे मी तिला फोनवर दोनदा सांगितलं, कारण वहिनीचा शुक्रवारचा उपास असतो, लग्नाच्या आधीपासूनचा. त्या दिवशी ती एक वेळ साबुदाणा खाते, आंबटाला शिवत नाही आणि दिवसभर चहावर असते. मी उपास सोड म्हटलं नाही, ते तिचं तिनं ठरवायचं. एवढंच म्हटलं की मी अकराला घ्यायला येते, त्याआधी पोटभर जेव. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, भाकरी करू का पोळी, तुम्हीपण इथंच जेवान का.